'लंबेगो', 'उसण' आणि 'गॅप' : कंबरदुखीच्या नावांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, रजेच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर आणि आता वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतही 'लंबेगो' हा शब्द सर्रास दिसतो. 'लंबेगोमुळे कंबर दुखते', 'लंबेगो झालेल्यांनी वाकू नये' अशी वाक्ये छापून येतात. यातल्या पहिल्या वाक्याचा अर्थ 'कंबरदुखीमुळे कंबर दुखते' एवढाच होतो. वाचकाला मात्र वाटते की दुखण्याचे कारण सापडले, त्याला नाव मिळाले, आता त्यावरचे नेमके औषधही असणार. या गैरसमजातून विनाकारण तपासण्या होतात, पट्टे बांधले जातात, आणि कधी कधी खरोखर धोक्याची खूण नजरेआड होते. म्हणून या शब्दाविषयी आणि त्याच्या भोवतीच्या मराठी शब्दांविषयी हे पत्र.

शब्द लॅटिन आहे. 'लुंबुस' म्हणजे शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंतचा पाठीचा भाग. त्याला '-आगो' हा शेवट लागून 'लुंबागो' झाले. '-आगो', '-इगो' असे शेवट असलेली दुखण्यांची आणखीही नावे लॅटिनमध्ये आहेत : चक्करेला 'व्हर्टिगो', कातडीवरच्या पुळ्यांना 'इंपेटिगो', खाजेच्या एका विकाराला 'प्रुरिगो'. दुसऱ्या शतकातल्या फेस्टुस या रोमन कोशकाराच्या कोशाचा पॉल द डीकन याने आठव्या शतकात संक्षेप केला. त्यात लुंबागोचा अर्थ 'कमरेचा दोष आणि दुबळेपणा' असा दिला आहे. म्हणजे मुळात या शब्दात वेदनेपेक्षा कमजोरीचा भाव अधिक होता. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या अखेरीस आला आणि उच्चार 'लंबेगो' झाला. एक्स-रेच्या अहवालात 'लंबार स्पाइन' असे जे लिहिलेले असते, त्यातला 'लंबार' याच लुंबुसचा. आपल्या 'लंब' किंवा 'लांब' या शब्दांशी त्याचे काही नाते नाही.

हा शब्द फक्त जागा सांगतो. काय बिघडले, कशाने बिघडले, किती दिवस टिकेल, यातले काहीच सांगत नाही. म्हणूनच तो टिकून राहिला. कारणाबद्दलची मते बदलत गेली, पण शब्दाला धक्का लागला नाही. १९०४ साली लंडनचे मज्जातंतुतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी लंबेगोवरच्या व्याख्यानात स्नायूंमधल्या तंतुमय ऊतींना सूज येते असे मांडले आणि त्या सुजेला 'फायब्रोसायटिस' हे नवे नाव दिले. ती सूज पुढे कोणाला दाखवता आली नाही. १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी मणक्यांमधल्या चकतीचा गाभा बाहेर येऊन मज्जातंतूवर दाब पडतो हे शस्त्रक्रियेच्या आधारे दाखवले, आणि तिथून पुढे पाठीच्या प्रत्येक दुखण्याचा ठपका चकतीवर येऊ लागला. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की सुमारे ९० टक्के कंबरदुखीत अमुक एका हाडाकडे, चकतीकडे किंवा स्नायूकडे खात्रीने बोट दाखवता येत नाही. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत एम ५४.५ या क्रमांकाखाली 'लो बॅक पेन' हे नाव आहे आणि लंबेगो त्याचाच पर्याय म्हणून खाली नोंदवला आहे. प्रमाणपत्रावर लंबेगो लिहिण्यात डॉक्टरांची चूक नाही. तो लक्षणाचा शेरा आहे. आपल्याकडच्या केसपेपरवर त्याच अर्थाने 'एलबीए' (लो बॅक एक, म्हणजे कंबरदुखी) ही आद्याक्षरेही लिहितात. चूक होते ती तो शेरा रोगनिदान म्हणून वाचण्यात.

जर्मन माणूस अचानक धरलेल्या कमरेला 'हेक्सेनशुस' म्हणतो, म्हणजे चेटकिणीने मारलेला बाण. ही कल्पना फार जुनी आहे. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराच्या एका जुन्या इंग्रजी हस्तलिखितात अचानक उठणाऱ्या कळेवरचा मंत्र आहे. त्यात चेटकिणीने मारलेल्या बाणाचा उल्लेख येतो आणि लाल चिडवणीसह तीन वनस्पती लोण्यात उकळायला सांगितल्या आहेत. जपानीत याच दुखण्याला 'गिक्कुरी-गोशी' म्हणतात. 'गिक्कुरी' म्हणजे दचकून बसणारा झटका आणि 'कोशी' म्हणजे कंबर. या दोन्ही शब्दांत दुखण्याची तऱ्हा आहे, ते कसे अवचित येते हे आहे. लंबेगोत ते नाही.

मराठीत मात्र आहे. 'उसण भरली' हे दोन शब्द ऐकले की जाणत्या माणसाला बरेच कळते : वाकताना किंवा वळताना एका क्षणात धरले आहे, माणूस सरळ होऊ शकत नाही, हालचालीने कळ उठते, निपचित पडले की थांबते. उसण कमरेतच भरते असे नाही. मानेत भरते, पाठीत भरते, बरगडीखाली भरली तर श्वास घेता येत नाही. म्हणजे लंबेगो जागा सांगतो आणि तऱ्हा सांगत नाही, तर उसण तऱ्हा सांगते आणि जागा वेगळी सांगावी लागते. 'कमरेत उसण भरली' म्हटले की दोन्ही गोष्टी आल्या. इतके नेमके नाव हाताशी असताना आरोग्यलेखांतून ते जवळजवळ हद्दपार झाले आहे, याचे आम्हाला वाईट वाटते.

दुखण्याची जात सांगणारे मराठी शब्द तपासणाऱ्याच्या फार कामाचे असतात. चमक म्हणजे क्षणात येऊन जाणारी तीव्र कळ. लचक ताणाने भरते. रग लागते ती एकाच स्थितीत फार वेळ राहिल्याने. कंबर अवघडते ती बसून उठताना, आणि चार पावले चालले की मोकळी होते. ठणका विश्रांतीतही चालू राहतो, रात्री ठणका लागत असेल तर तो गंभीरपणे घ्यावा लागतो. मुंग्या आणि बधिरपणा ही मज्जातंतूची भाषा आहे. 'बॅक पेन आहे' एवढेच सांगणाऱ्या रुग्णाला हे सगळे एकेक करून विचारावे लागते. 'उठताना चमक मारते आणि डाव्या पोटरीत मुंग्या येतात' असे सांगणाऱ्याने निम्मी तपासणी स्वतःच उरकलेली असते.

'कंबर' हा शब्द फारसी 'कमर'वरून आला. फारसीत त्याचे कंबर आणि कमरपट्टा असे दोन्ही अर्थ आहेत, 'कमरबंद' तिथलाच. म आणि र यांच्या सान्निध्यात ब शिरणे मराठीला नवे नाही, आम्राचा आंबा आणि ताम्राचे तांबे तसेच झाले. संस्कृत 'कटि' आपल्याकडे वैद्यांच्या कटिशूलात राहिली आणि विठ्ठलाच्या कटेवरच्या हातांत राहिली. 'पेकाट' हा कमरेचा अस्सल बोलीतला शब्द आता लाथ घालण्यापुरता उरला आहे. 'पाठ धरली', 'कंबर धरली' या आपल्या बोलण्याची जोडही पाहण्यासारखी आहे. चरकसंहितेत वाताच्या ८० विकारांची यादी आहे, त्यात पृष्ठग्रह आणि त्रिकग्रह ही नावे येतात. ग्रह म्हणजे धरणे, त्रिक म्हणजे माकडहाडाच्या वरचा भाग. शेतात वाकून काम करणारी बाई 'पाठ धरली' म्हणते तेव्हा ती पृष्ठग्रहच म्हणत असते.

त्याच यादीत 'गृध्रसी' आहे आणि ती कंबरदुखीपासून वेगळी मोजली आहे. वर्णनही काटेकोर आहे : दुखणे कुल्ल्यापासून सुरू होते आणि कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल असे क्रमाने उतरते. ताठरपणा, वेदना आणि टोचणी ही लक्षणे. नावात गृध्र म्हणजे गिधाड आहे, आणि रुग्णाच्या लंगडत्या चालीवरून ते पडले असे वैद्य शिकवतात. सुश्रुताने आणखी एक खूण दिली आहे की या विकारात पाय उचलण्याला अडथळा होतो. आजची तपासणी जवळपास हीच आहे. रुग्णाला उताणे झोपवायचे, गुडघा न वाकवता टाच धरून पाय हळूहळू वर न्यायचा. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली जाणारी कळ उठली तर मज्जातंतूच्या मुळावर दाब असण्याची शक्यता धरतात. नुसता मांडीच्या मागचा स्नायू ताणल्यासारखा वाटला तर तो दाब नव्हे. युरोपात ही तपासणी लासेग या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते, त्यांच्या फोर्स्ट या विद्यार्थ्याने ती १८८१ मध्ये प्रबंधात नोंदवली. 'सायटिका' हा शब्दही लंबेगोसारखाच जागेवरून आला. ग्रीक 'इस्किऑन' म्हणजे खुब्याचा सांधा, त्याचे लॅटिनमधून घासत घासत हे रूप झाले.

आता 'गॅप'. आज महाराष्ट्रात कंबरदुखीचे सर्वांत प्रचलित नाव हेच आहे आणि सर्वांत जास्त नुकसानही याच नावाने होते. 'मणक्यात गॅप आहे' असे ऐकले की माणसाच्या डोळ्यांपुढे एकमेकांपासून सुटलेले, खिळखिळे झालेले मणके येतात. वस्तुस्थिती उलटी आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसते, चकती दिसत नाही, त्यामुळे दोन मणक्यांमध्ये मोकळी जागा असल्यासारखे वाटते. ती मोकळी नसते, तिथे चकती असते, आणि ती जागा असणे हेच निरोगी पाठीचे लक्षण. वयाबरोबर चकतीतले पाणी कमी होते, ती बसते, आणि अहवालात 'डिस्क स्पेस रिड्यूस्ड' असे येते. म्हणजे गॅप पडलेली नसते, असलेली कमी झालेली असते. दवाखान्यात घाईत उच्चारलेला 'गॅप कमी झालीय' यातला 'कमी' गळून पडतो आणि 'गॅप' तेवढी घरी येते.

'गादी सरकली'चेही तसेच. चकती वरच्या आणि खालच्या मणक्यांना तंतूंनी घट्ट बांधलेली असते, ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. तिचा काठ फुगतो, किंवा काठाला चीर पडून आतला मऊ गाभा बाहेर येतो. बाहेर आलेला गाभा पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेते, त्यामुळे पायात कळ जाणाऱ्या बहुतेकांनाही शस्त्रक्रिया लागत नाही. शिवाय हे बदल न दुखणाऱ्या पाठीतही असतात. कंबर मुळीच दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्यांपैकी ३७ टक्के आणि ऐंशीतल्यांपैकी ९६ टक्के लोकांच्या चकतीत झीज होती. फुगवटा विशीत ३० टक्के तर ऐंशीत ८४ टक्के. अहवालात 'एल ४-एल ५ बल्ज' (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीचा फुगवटा) वाचून घाबरलेल्या माणसाला हे आकडे सांगितले पाहिजेत. ते न सांगितल्याने माणसे वाकायची सोडतात, जमिनीवर बसायची सोडतात, वर्षानुवर्षे कंबरपट्टा बांधतात. मग स्नायू दुबळे होतात आणि जी कंबर दोन-चार आठवड्यांत सुधारली असती ती कायमची नाजूक होते. पट्टा बांधायचाच तर तीव्र दुखण्याचे पहिले काही दिवस, आणि तोही कामापुरता.

आणखी एक गल्लत छापील मजकुरात नेहमी होते. 'स्पॉन्डिलोसिस' म्हणजे मणक्यांची वयोमानाने होणारी झीज. 'स्पॉन्डिलायटिस'मधला '-आयटिस' हा शेवट दाह सांगतो आणि तो वेगळा आजार आहे. 'अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस' बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो. पहाटे कंबर ताठलेली असते, ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, विश्रांतीने वाढतो आणि हालचालीने कमी होतो. त्याला संधिवाततज्ज्ञाची आणि वेगळ्या औषधांची गरज असते. साध्या झिजेला सर्रास 'स्पॉन्डिलायटिस' म्हटल्यामुळे हा खरा आजार असलेल्या तरुणाचे निदान रखडते.

उसण भरल्यावर करायच्या गोष्टी कमी आहेत, पण त्या नीट लिहिल्या जात नाहीत. अंथरूण धरायचे ते फार तर एक-दोन दिवस, तेही अधूनमधून उठत. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी, किंवा उताणे झोपून गुडघ्यांखाली लोड, असे बहुतेकांना बरे वाटते. उठताना सरळ उठू नये. आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताने रेटा देऊन बसावे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटे शेकावे. निर्गुडीचा किंवा एरंडाचा पाला तव्यावर गरम करून बांधतात, त्यात ऊबच काम करते आणि कातडी भाजली नाही तर त्याला हरकत नाही. घरात चालणे पहिल्या दिवसापासून सुरू ठेवावे, अंतर रोज थोडे वाढवावे. नुसत्या पॅरासिटामॉलवर भिस्त ठेवू नये. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्यांना बरे व्हायला साधारण १७ दिवस लागले आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांना १६. आयब्युप्रोफेनसारखी औषधे थोडे दिवस उपयोगी पडतात, पण मूत्रपिंडाचा विकार, पोटातला व्रण, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत.

काय करू नये तेही स्पष्ट छापावे. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते अशी समजूत आहे. हलका स्पर्श करण्याने काही बिघडत नाही, पण लाथ मारणे किंवा पाठीवर उभे राहणे हाडे ठिसूळ झालेल्या वयस्क बाईच्या मणक्याला चेपू शकते. बिब्ब्याचे चटके देऊ नयेत. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात, जखम चिघळते, आणि त्या आगीपुढे आतले दुखणे काही काळ जाणवत नाही एवढाच त्याचा 'गुण'. आणि ज्याला आपण उसण समजतो ती मूतखड्याची कळ नाही ना, हे पाहावे. उसण भरलेला माणूस हलायला घाबरतो. मूतखड्याचा रुग्ण एका जागी राहूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो, कळ बरगडीखालून जांघेकडे उतरते, मळमळ होते.

आपल्या पुरवणीसाठी आमची सूचना साधी आहे. लक्षणाला 'कंबरदुखी' म्हणावे. अचानक धरली तर 'उसण'. गुडघ्याखाली कळ उतरत असेल तर 'गृध्रसी' किंवा 'सायटिका', जो शब्द वाचकाला जवळचा असेल तो. 'लंबेगो' लिहायचाच झाला तर कंबरदुखीचा वैद्यकीय पर्याय म्हणून, आजाराचे नाव म्हणून नको. 'गॅप' आणि 'गादी सरकणे' हे शब्द डॉक्टरांच्या तोंडचे असले तरी मजकुरात तसेच ठेवू नयेत.

कंबरदुखीवरच्या प्रत्येक लेखासोबत धोक्याच्या खुणांची एक छोटी चौकट असावी, आणि ती लोक बोलतात त्या मराठीत असावी. 'कौडा इक्विना' म्हणजे घोड्याचे शेपूट. मणक्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्याचे हे लॅटिन नाव, आणि त्यावर दाब आल्यास तासांचा हिशेब असतो. लेखात हे नाव देऊन कोणाला काही कळत नाही. त्याऐवजी असे छापावे : लघवी तुंबली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकते ती जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. चपला पायातून निसटू लागल्या, टाचांवर किंवा चवड्यांवर चालता येईना, अंगठा वर उचलता येईना, तर एक-दोन दिवसांत दाखवावे. ताप, संध्याकाळची कणकण, वजन घटणे, रात्रीचा न थांबणारा ठणका असेल तर पाठीच्या क्षयाची तपासणी व्हावी, कारण आपल्या देशात तो आजही आढळतो. पूर्वी कॅन्सर झालेला असणे, बरेच दिवस स्टेरॉइड चालू असणे, पन्नाशीनंतर साध्या पडण्याने कंबर धरणे, यांपैकी काहीही असेल तर शेकत बसू नये.

आपले विश्वासू,
पाठीच्या दुखण्यांवर काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट आणि शब्दाभ्यासक, पुणे